बांधावरचा अंदाज आणि खळ्यावरचे माप

श्रोतेहो, बांधावर उभे राहून पिकाचा अंदाज सगळेच करतात. पण खरा आकडा कळतो तो खळ्यावर माप पडल्यावरच. हवेच्या शास्त्रातही तसेच आहे. त्याची एक हकिगत आज सांगायची आहे.

आपल्या डोक्यावर, फार उंच, ओझोन वायूचा विरळ थर आहे. सूर्याचे घातक अतिनील किरण तो अडवतो. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी इशारा दिला, की शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू या थराची हानी करतील. मग शास्त्रज्ञांनी गणिताने हिशेब मांडले. अशा हिशेबाला प्रतिमान म्हणतात. प्रतिमान सांगे, घट होईल ती हळूहळू, अनेक दशकांत, थोड्या टक्क्यांची.

इकडे अंटार्क्टिकात हॅली येथील ब्रिटिश ठाण्यावर १९५०च्या दशकापासून डॉबसन नावाचे यंत्र सूर्यप्रकाशावरून ओझोन मोजत होते. ऑक्टोबरचा आकडा पूर्वी ३००च्या आसपास असायचा. १९८४ पर्यंत तो २००च्या खाली गेला. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी दुसरे यंत्र आणून आकडा ताडून पाहिला, आणि मे १९८५ मध्ये ही गोष्ट जाहीर केली.

आता कोणी विचारील, अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून वर फिरत होता, त्याला हे दिसलं नाही काय? दिसलं होतं! पण १८०च्या खालच्या आकड्यांवर संशयाची खूण करावी, अशी योजना होती. कारण इतका कमी ओझोन पूर्वी कुणी पाहिलाच नव्हता. शिवाय खुद्द दक्षिण ध्रुवावरच्या ठाण्याचे आकडे ३००च्या आसपास येत होते. ते चुकीचे होते, हे मागाहून कळले. खुणेचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा उपग्रहाने दाखवले की ही घट एका ठाण्यापुरती नाही. ती जवळजवळ अख्ख्या खंडावर पसरली आहे.

उणीव होती हिशेबात. कडाक्याच्या थंडीत तिथे उंचावर बर्फाळ ढग बनतात. त्यांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होण्याच्या तयारीत येतो, आणि वसंतात सूर्य उगवला की ओझोन झपाट्याने नाहीसा होतो. ही क्रिया प्रतिमानात धरलीच नव्हती. सुसान सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती मांडली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे सीएफसीवर बंधन घालणारा करार झाला. आज थर सावरतो आहे. तरी अंटार्क्टिकावर १९८०ची पातळी यायला २०६६ उजाडेल, असा अंदाज आहे.

शहरांतल्या धुराची नि धुळीची प्रतिमानेही आज याच दोन मापांवर घासून पाहतात. उपग्रह विस्तार दाखवतो, पण तो वरपासून खालपर्यंतची हवा एकदम पाहतो. जमिनीवरचे यंत्र आपण श्वासात घेतो तीच हवा मोजते, पण एकाच जागेची. म्हणून दोघांची साक्ष लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एवढंच सांगा: आकडा हिशेबाशी जुळला नाही, तर तो खोडू नका. आधी यंत्र तपासा. यंत्र बरोबर असेल, तर हिशेब तपासा.