पूर्वसुसंगती, संगणकीय

जुन्या संगणकासाठी किंवा जुन्या परिचालन प्रणालीसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, लिहिलेली आज्ञावली कोणताही बदल न करता नव्या प्रणालीवर चालू शकणे, या गुणधर्मास पूर्वसुसंगती म्हणतात. यंत्र आणि परिचालन प्रणाली बाजारात नव्याने विकत मिळतात. परंतु हिशेब, पगारपत्रके, अभियांत्रिकी आकडेमोड वा मजकूरजुळणी यांकरिता वर्षानुवर्षे सिद्ध झालेल्या आज्ञावल्या व केवळ त्यांनाच वाचता येणारी माहिती पुन्हा विकत मिळत नाही. मूळ लेखक निवृत्त झालेला, संस्था बंद पडलेली आणि मूळ संहिता कोणाजवळच नाही, अशी स्थिती अनेकदा आढळते. हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसला, तरी मुळात तो साठविलेल्या श्रमांच्या मालकीचा आहे.

प्रश्नाचे मोठ्या प्रमाणावरील पहिले दर्शन आयबीएम कंपनीच्या १४०१ या संगणकामुळे घडले. १९५९ मध्ये जाहीर झालेला हा संगणक दशमान पद्धतीने व अक्षरागणिक काम करी आणि अशी हजारो यंत्रे कार्यालयांतून बसविलेली होती. ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली. तीतील लहानमोठ्या यंत्रांना बव्हंशी एकच आदेशसंच होता. मात्र तो कंपनीच्या कोणत्याही जुन्या यंत्राशी जुळत नव्हता. त्याआधी काही महिने, डिसेंबर १९६३ मध्ये, हनीवेल कंपनीने आपला २०० हा संगणक जाहीर करताना त्यासोबत १४०१ च्या आज्ञावल्यांचे रूपांतर करणारी ‘लिबरेटर’ ही व्यवस्था देऊ केली होती. ग्राहकास आज्ञावल्या नव्याने लिहाव्याच लागणार असतील, तर त्याने आयबीएमकडेच का राहावे, असा हा पेच होता. आयबीएमने तो सूक्ष्मआज्ञावलीच्या साहाय्याने सोडविला. सिस्टिम/३६० च्या ३० क्रमांकाच्या प्रतिमानात १४०१ चे आदेश समजण्याची सोय करण्यात आली, तर मोठ्या प्रतिमानांपैकी ६५ क्रमांकाच्या यंत्रात ७०९० या वैज्ञानिक संगणकाची. या तंत्रास ‘एम्युलेशन’ किंवा अनुकरण हे नाव त्याच सुमारास मिळाले. नवा महागडा संगणक जुन्याचे सोंग घेऊन काम करीत असल्याचे दृश्य त्यानंतर अनेक कार्यालयांत दिसे. विनोदी वाटले तरी ते व्यवहाराला धरून होते.

व्यक्तिगत संगणकाच्या बाबतीत हीच अडचण अधिक गुंतागुंतीची झाली. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीवरील डॉस ही प्रणाली एका वेळी एकच आज्ञावली चालवी आणि तिच्या हाती सारे यंत्र सोपवी. डॉसच्या स्वतःच्या सेवा संथ असल्याने आज्ञावलीकार त्या टाळून पडद्याच्या स्मृतीत थेट लिहीत व उपकरणांच्या द्वारांना थेट हात घालीत. अनेक आज्ञावल्या एकत्र चालविणाऱ्या प्रणालीला हे परवडणारे नव्हते. १९८५ च्या इंटेल ८०३८६ या संस्कारकात यावर एक चतुर उपाय होता : तो जुन्या ८०८६ चा आभास निर्माण करी आणि आज्ञावलीने उपकरणाकडे हात नेताच नियंत्रण परिचालन प्रणालीकडे देई. १९९० च्या विंडोज ३.० ने व पुढे विंडोज ९५ ने डॉसच्या आज्ञावल्या याच मार्गाने चालविल्या. १९९३ मधील विंडोज एनटीनेही डॉससाठी आभासी यंत्र दिले. तथापि उपकरणांशी थेट व्यवहार करण्यास तिने बव्हंशी मज्जाव केला. त्यामुळे विशिष्ट कार्डांवर अवलंबून असणाऱ्या अनेक आज्ञावल्या तीवर बंद पडल्या.

याहून अवघड भाग म्हणजे आज्ञावल्यांतील सुप्त चुका. जुन्या प्रणालीवर त्या निरुपद्रवी असतात आणि नव्या प्रणालीवर उघड्या पडतात. दोष मात्र ग्राहक नव्या प्रणालीलाच देतो. आवृत्तिक्रमांकाचे उदाहरण बोलके आहे. प्रणाली निदान ३.१० आहे ना, हे पाहताना अनेक आज्ञावल्या दशांशचिन्हापूर्वीचा व नंतरचा भाग वेगवेगळा तपासत. विंडोज ९५ चा क्रमांक ४.० असल्याने तीतील शून्य दहाहून लहान ठरे आणि आज्ञावली ‘प्रणाली जुनी आहे’ म्हणून अडून बसे. म्हणून विंडोज ९५ जुन्या १६-बिट आज्ञावल्यांना आपला क्रमांक ३.९५ सांगत असे. ‘सिमसिटी’ हा लोकप्रिय खेळ तर परत केलेली स्मृती पुन्हा वाचत असे. तो चालू असल्याचे ओळखून स्मृतिवाटपाची रीत बदलण्याची तरतूद विंडोज ९५ मध्ये होती.

२००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये असे उपाय वापरणाऱ्याच्या हाती आले. आज्ञावलीसाठी ‘सुसंगतता रीती’ निवडल्यास ती व प्रणाली यांच्यामध्ये एक पातळ थर उभा राहतो आणि ठराविक प्रश्नांना जुन्या प्रणालीची उत्तरे देतो. २००७ मध्ये सर्वसामान्यांना मिळालेल्या विंडोज व्हिस्टाने आज्ञावल्यांच्या सामाईक कप्प्यात लिहिण्यास सामान्य वापरकर्त्याला मनाई केली. पण जुन्या आज्ञावल्या माहिती तेथेच साठवीत. त्या अडू नयेत म्हणून त्यांचे लेखन गुपचूप त्या त्या वापरकर्त्याच्या खासगी कप्प्यात वळविण्यात आले. परिणामी एकाच यंत्रावर दोन कारकुनांना एकाच आज्ञावलीत भिन्न नोंदी दिसू शकत. सोयीसाठी सांगितलेले खोटे असे अंगाशीही येते.

६४-बिट संस्कारकांमुळे मोठा खंड पडला. २००३ मध्ये ऑप्टेरॉनपासून आलेल्या या रचनेत ६४-बिट प्रणाली चालू असताना ८०८६ चा उपरोक्त आभास उपलब्ध नसतो, आणि ६४-बिट विंडोजने १६-बिट आज्ञावल्यांचा आधारच काढून घेतला. १९९० नंतरच्या कित्येक आज्ञावल्या स्वतः ३२-बिट असूनही त्यांची प्रस्थापक आज्ञावली १६-बिट असते. म्हणजे घर शाबूत, पण दार उघडत नाही, अशी गत होते. २०२१ च्या विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही. आता उपाय राहतो तो संपूर्ण अनुकरणाचा किंवा आभासी यंत्रात जुनी प्रणाली बसविण्याचा. २००२ पासून उपलब्ध असलेले डॉसबॉक्स हे जुने यंत्र व डॉस यांचे अनुकरण करते, तर १९९३ मध्ये सुरू झालेले वाइन विंडोजच्या सेवा लिनक्सवर नव्याने पुरविते. ॲपल कंपनीचे धोरण निराळे आहे. १९९४, २००६ व २०२० या तिन्ही संस्कारक-स्थित्यंतरांत तिने भाषांतरक व्यवस्था दिली. मात्र २००६ ची ‘रोझेटा’ २०११ मध्ये काढून टाकली आणि ३२-बिट आज्ञावल्या २०१९ मध्ये बंद केल्या. अभियांत्रिकी दृष्ट्या हे स्वच्छ असले, तरी त्याची किंमत ग्राहकाने मोजली.

मराठीत या प्रश्नाला लिपीचीही बाजू आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर मुख्यतः दोन प्रकारे साठविला जाई : एक, इस्की या भारतीय मानकानुसार (आयएस १३१९४ : १९९१), आणि दुसरा, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेल्या अक्षरसंचांद्वारे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी असे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड डॉसच्या आज्ञावल्यांत भारतीय लिप्या आणी. परंतु ते ज्या खाचेत बसे, ती खाच नव्या संगणकांत नसते. काही मुद्रण-आज्ञावल्यांना समांतर द्वाराला लावायचे इलेक्ट्रॉनिक कुलूप लागे; ते द्वारही गेले. अशा धारिका आभासी यंत्रात उघडता आल्या तरी काम संपत नाही. अक्षरसंचातील तुकड्यांवरून मूळ वर्ण ओळखून युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. त्यात ऱ्हस्व इकार व्यंजनाआधीच्या जागेवरून नंतर न्यावा लागतो, तर अक्षरानंतर नोंदलेला रफार त्याच्या आधी आणावा लागतो. जोडाक्षरांत हमखास चुका राहतात व त्या मूळ छापील प्रतीशी ताडून हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.