सीमेच्या आधीचा दुष्काळ

आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचची स्मरणिका निघणार म्हटल्यावर संपादक मंडळाकडून फोन आला, "काहीही लिही, पण छड्या आणि डब्यातली भाकरी सोडून लिही. त्यावर भरपूर लेख आलेत." म्हणून आपल्या गावांचा, जत तालुक्याच्या पूर्व भागाचा, इतिहास लिहायला घेतला. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. इंजिनिअरिंग करून गेली बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑफिसातल्या एकाने विचारलं, "तुमची गावं कर्नाटकात चालली म्हणे?" आणि मला धड उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आता देते आहे.

कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या ४० गावांवर दावा सांगण्याचा विचार असल्याचं म्हटलं होतं. त्याला आधार होता आपल्याकडच्या ग्रामपंचायतींनी २०१२ च्या सुमारास, दुष्काळात केलेल्या ठरावांचा. टीव्हीवर भाषेचा वाद रंगला. ठराव मात्र पाण्यासाठी होते. आपल्या वर्गात निम्म्यांच्या घरी कन्नड बोलत, निम्म्यांच्या घरी मराठी. नळाला पाणी कोणाच्याच घरी नव्हतं.

मुळात ही सीमा फार जुनी नाही. जत हे डफळ्यांचं संस्थान. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं, पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलं आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं. शेजारचा विजापूर जिल्हाही मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि विजापूर म्हैसूर राज्यात गेलं. माझ्या आजीचं लग्न त्याआधीचं. तिचं माहेर ती संसारात असताना परराज्यात गेलं. येणं-जाणं, सोयरिकी, बाजार काही बदललं नाही.

दुष्काळ तर सीमेच्या कितीतरी आधीचा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत जत, मंगळवेढा, विजापूर सगळे सारखेच. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात तेव्हाचा कलादगी जिल्हा, म्हणजे पुढचा विजापूर, आणि सोलापूर दोन्ही होरपळले. १९३० च्या दशकात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी केंद्रं निघाली, त्यांत सोलापूर होतं आणि विजापूरही. त्यांनी सांगितलेली पद्धत सोपी होती: बांध घाला, शेणखत द्या, बी कमी वापरा, ओळींत अंतर जास्त ठेवा आणि कुळवून-कोळपून जमिनीतली ओल राखा. यातलं बरंचसं आपल्या म्हाताऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

गावं टिकली ती कशी, हे मी आजोबांच्या शेतीवरून सांगते. काळ्या रानात हस्ताच्या पावसावर शाळू, कडेने करडई. हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा. माळावर माडग्याळी मेंढरं, दावणीला खिलार. मेंढरं रानात बसवली की खत मिळे. चांगल्या सालातलं धान्य पेवात जाई आणि कडब्याची गंजी पुढच्या सालापर्यंत राखली जाई. एवढं करूनही साल गेलं, तर माणसं कृष्णाकाठाला जगायला जात आणि पाऊस झाला की परत येत. एक बुडालं तर दुसरं हाताशी राहावं, असा सगळा हिशेब होता.

या हिशेबाचे गोडवे गायचे नाहीत. त्यात अर्धपोटी झोपणं होतं, बायकांच्या डोक्यावर मैलभर लांबच्या विहिरीचे हंडे होते. सलग वर्षं कोरडी गेली की हा हिशेबही कोलमडे. १९७२ मध्ये तेच झालं. आई तेव्हा बारा वर्षांची. दुष्काळी कामावर तिने मातीच्या पाट्या उचलल्या, मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्ली. सुकडीचा वास तिला अजून चालत नाही. पण त्या कामांमागचा विचार आपल्याच जिल्ह्यातला होता. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ७२ च्या मजुरांनी नुसती खडी फोडली नाही. पाझर तलाव बांधले, नाले अडवले. आपली सहावीची सहल ज्या तलावावर गेली होती, तो त्यातलाच. आपण भिंतीवर बसून चुरमुरे खाल्ले. ती भिंत कोणी रचली, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर बोअर आले. इथला इतिहास माझ्या घरचाच आहे. वडिलांनी मेंढरं विकून पहिला बोअर मारला, १८० फुटांवर पाणी लागलं. डाळिंबाची चारशे झाडं लावली. माझी इंजिनिअरिंगची फी त्या डाळिंबांनी भरली, हे विसरून चालणार नाही. पण शाळू गेला, कडबा गेला, बैल गेले. पुढचा बोअर ३०० फूट, मग ६२०. सातपैकी शेवटच्या दोन बोअरमधून नुसता फुफाटा निघाला. २०१३ च्या उन्हाळ्यात बाग तोडली. गाय चारा छावणीत होती आणि वडील तिच्याजवळ गोणपाटावर झोपत होते. कर्ज फेडायला मला सहा वर्षं लागली. आमच्या कामात सगळा भार एका सर्व्हरवर कधी टाकत नाहीत. तो बंद पडला की सगळंच बंद पडतं. हे मी पगार घेऊन शिकले. आजोबांना ते रानातच कळलं होतं. मधल्या एका पिढीत आपण ते विसरलो आणि त्या विसरण्यावर माझं शिक्षण झालं.

आता पाणी येतं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी तिकोंडीच्या तलावात आलं. इकडे म्हैसाळच्या विस्तारित योजनेला वेग आला. ज्यांनी टँकरमागे धावत अभ्यास केला, त्यांना याचा आनंद कळेल. पण भीतीही वाटते. कालव्याचं पाणी आलं म्हणून सगळ्या रानात ऊस उभा राहिला, तर आपण बोअरचीच चूक मोठ्या पाइपने करू. त्या पाण्यातून आधी विहिरी आणि ७२ चे तलाव भरावेत, शाळू आणि मेंढरांना जागा राहावी, असं मला वाटतं.

म्हणून एक सूचना. बॅचच्या निधीतून शाळेला कमान बांधायची की स्मार्ट बोर्ड द्यायचा, यावर ग्रुपवर दोन महिने चर्चा चालू आहे. त्यातले थोडे पैसे पर्जन्यमापकासाठी ठेवू या. आठवी-नववीच्या मुलांनी रोजचा पाऊस लिहावा. गावातल्या वीस विहिरींची पातळी वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, मोजावी. नोंदी ठेवण्याची आणि दरवर्षी त्यांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्याची जबाबदारी माझी. पीक ठरवताना गावासमोर निदान स्वतःचे आकडे असतील.

आणि मेळाव्याला येताना प्रत्येकाने घरच्या वडीलधाऱ्यांना एवढंच विचारून यावं: आपल्या विहिरीला ७२ च्या आधी किती हातांवर पाणी होतं? सांगणारे आता थोडेच उरलेत. माझ्या आजीला विचारायचं राहून गेलं.