एका मिलिमीटरची किंमत

जानेवारी १७५६. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट हा सर्जन घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्याने घाईने कुणाला उचलू दिलं नाही. एक दार विकत घेतलं, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर झोपून घरी गेला. जमलेल्या सर्जननी पाय कापायचं ठरवलं होतं. तेवढ्यात त्याचे गुरू एडवर्ड नर्स आले आणि पाय वाचला.

पुढे पॉटने मोडलेल्या हाडांवर पुस्तक लिहिलं. 'पॉट्स फ्रॅक्चर' हे नाव त्यातल्या घोट्याच्या वर्णनावरून पडलं. त्याचं स्वतःचं फ्रॅक्चर वेगळं होतं. नडगीचं हाड खालच्या टॅलसवर सरळ टेकलं पाहिजे आणि बाहेरच्या बारीक फिब्युलाशी घट्ट जोडलेलं राहिलं पाहिजे, तरच घोटा काम करतो, हे त्याने ओळखलं होतं.

पण भूल नाही, जंतूंची कल्पना नाही. मग आत हात घालणार कोण? १८४६ मध्ये ईथर आलं, १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशक पद्धत. तरीही पुढे कित्येक दशकं बहुतेक घोटे प्लास्टरमध्येच गेले. १९५०च्या सुमारास डेन्मार्कच्या लाउगे-हान्सेनने कापून काढलेले पाय पिळून कुठल्या दिशेच्या जोराने काय मोडतं ते पाहिलं. उद्देश हाच, की उलट फिरवून हाड न उघडता बसवावं.

दुसरी वाट बेल्जियमच्या रोबेर दानिसची: प्लेटने तुकडे एकमेकांवर घट्ट दाबायचे. त्याला भेटून आलेल्या मॉरिस म्युलरने १९५८ मध्ये स्विस सहकाऱ्यांसोबत 'एओ' गट काढला. प्रत्येक ऑपरेशनची नोंद आणि नंतरचा निकाल ठेवायचा, हा त्यांचा नियम. १९६० पासून दाव्होसमध्ये सर्जन हाडांवर स्क्रू बसवायचा सराव करू लागले.

तरी अनेक जण आतली बाजू जोडून फिब्युला तशीच सोडत. १९७६ मध्ये रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी २३ घोट्यांवर मोजलं: टॅलस बाहेर १ मिलिमीटर सरकला, तर हाडांचा स्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. वजन तेवढंच, टेकायला जागा कमी. मग कूर्चा झिजणारच. पुढच्याच वर्षी याब्लॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की टॅलस फिब्युलाच्या मागे जातो. म्हणून आधी फिब्युलाची लांबी नीट करायची.

आजही प्रत्येक मोडलेला घोटा उघडत नाहीत. शिकाऊ सर्जनला एक्स-रे समोर धरून विचारतात तो प्रश्न 'हाड मोडलंय का?' एवढाच नसतो. 'टॅलस जागेवर आहे का?' हाही असतो.