परभणीकडील विटांच्या भिंती व लोणा

थंड देशांत विटेच्या भिंतीचा मुख्य शत्रु हिंव होय. विटेंत मुरलेलें पाणी गोठतांना सुमारें 9 टक्के फुगतें व दर्शनी पापुद्रा उडवितें. परभणीस थंडी पडते, परंतु भिंतींतील पाणी गोठण्याइतकी नव्हे. तरी गोदाकांठच्या जुन्या गढ्यांच्या व वाड्यांच्या विटा तशाच झडतात. येथें हिंवाचें काम लोणा करितो. ओल क्षार घेऊन भिंतींत चढते. पाणी उडून जातें आणि छिद्रांत वाढणारे स्फटिक विटेस आंतून फोडितात. गांवठाणाच्या पांढरींत हे क्षार विपुल; सोरा काढणारे पूर्वीं जुन्या पांढरींचीच माती नेत.

याच मराठवाड्यांत तेर येथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ हजारांहून अधिक वर्षें उभें आहे. तेव्हां दोष विटेचा नव्हे. निजामी राज्यांत 1914 त गुलाम यझदानी यांचे हाताखालीं पुराणवस्तुखातें निघालें. अजिंठ्याच्या चित्रांसाठीं 1920 त इटलीहून कारागीर आले. गांवोगांवच्या गढ्या मात्र गवंड्याच्या हातीं राहिल्या, आणि तें एका परी बरेंच झालें, कारण गवंडी चुना वापरी. चुन्याच्या दरजांतून ओल बाहेर पडते. पुढें सिमेंट आलें. सिमेंटनें दरजा बुजविल्या कीं ओल विटेंतूनच वाट काढिते व वीट मरते. अलीकडील कित्येक दुरुस्त्या या चुकीनेंच घातक ठरल्या आहेत.

प्रथम पायाशीं साचलेली माती काढून पाण्यास उतार द्यावा. कुजलेली वीट कोरून नवी चुन्यांत बसवावी. वर चुन्याचा पातळ गिलावा द्यावा, म्हणजे लोणा त्यावर उतरतो. काम दसऱ्यानंतर काढावें. तोंवर भिंत बरीच सुकलेली असते व ओल्या चुन्यास उन्हाचा तडाखा बसत नाहीं.