एक फ्लॅट, दोन भावंडं, दोन कर

जुन्या नाशकातले वाडे, पंडित कॉलनीतले बंगले, कॉलेज रोड आणि इंदिरानगरचे जुने फ्लॅट. आई-वडील गेले की कुलूप लागतं, दोन-तीन वर्षं जातात, मग गेटवर पाटी येते: विकणे आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात असे दस्त होताना बघितलेत का कधी? चार वारसांत एक तरी परदेशात असतोच. त्याच्या वतीने मुखत्यारपत्र घेऊन भाऊ नाहीतर मेहुणा उभा असतो. सुरुवातीला अमेरिकेला गेलेले आपले डॉक्टर-इंजिनिअर आता निवृत्त झालेत. त्यांच्या दृष्टीने नाशिकचं घर ही ‘परदेशातली मालमत्ता’ आहे आणि ती विकणं हे त्यांच्या म्हातारपणाच्या नियोजनातलं एक काम आहे.

या व्यवहारात हमखास भांडण लागतं ते कराच्या आकड्यावरून. भाऊ म्हणतो, मला इतका कमी आला, तुला इतका कसा? बहिणीला वाटतं, सीए लुबाडतोय. सीए बिचारा बरोबर असतो. लोचा कायद्यात आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे. म्हणून आज थोडं लांबण लावतो.

आधी हिशेब. आकडे सोपे घेतलेत. वडिलांच्या नावचा मोठा फ्लॅट, १ एप्रिल २००१ ला त्याची किंमत १२ लाख. वडील गेले, भाऊ नाशकात, बहीण न्यू जर्सीत, निम्मा-निम्मा हिस्सा. मार्च २०२५ मध्ये फ्लॅट ६० लाखांना विकला. म्हणजे प्रत्येकी ३० लाख आले, मूळ किंमत प्रत्येकी ६ लाख.

भावाला दोन पर्याय आहेत. जुन्या पद्धतीत मूळ किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून घ्यायची. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२४-२५ चा ३६३. म्हणजे त्याचे ६ लाख झाले २१ लाख ७८ हजार. नफा उरला ८ लाख २२ हजार, त्यावर २० टक्के. उपकर धरून साधारण १ लाख ७१ हजार. नव्या पद्धतीत निर्देशांक नाही, पण दर साडेबारा टक्के. त्यात भरावे लागले असते ३ लाख १२ हजार. दोन्हीतलं कमी ते भरायची त्याला मुभा आहे.

बहिणीला ही मुभा नाही. तिला ३ लाख १२ हजारच. फ्लॅट तोच, वडील तेच, दस्त तोच. (दोघांच्या इतर सवलती मी बाजूला ठेवल्यात.)

नफा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न या कराला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे. २८ फेब्रुवारी १९४७ ला हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी अर्थसंकल्प मांडला. पुढे पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान झाले तेच हे. महायुद्धात व्यापाऱ्यांनी गडगंज कमावलं, तो पैसा बाहेर काढायचा म्हणून त्यांनी मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर भारतात पहिल्यांदा कर आणला. १५ हजारांपर्यंतच्या नफ्याला माफी होती. त्याआधी आपल्याकडे घर विकून आलेला पैसा हा ‘उत्पन्न’ समजलाच जात नसे. झाडाची फळं म्हणजे उत्पन्न, झाडच विकलं तर ते उत्पन्न कसं, असा तो विचार.

अर्थमंत्री कराचीला गेले, कर इथे राहिला. पण फार दिवस नाही. जॉन मथाई अर्थमंत्री असताना १९४९ मध्ये तो रद्द झाला, तोही १ एप्रिल १९४८ पासून. मधल्या दोन वर्षांत जे सापडले त्यांतले एक होते मुंबईचे नवीनचंद्र मफतलाल. मुंबईतल्या जागेचा आपला हिस्सा विकल्यावर कर लागला, म्हणून ते कोर्टात गेले. झाड विकणं म्हणजे उत्पन्न नव्हे, हाच त्यांचा मुद्दा. मुंबई उच्च न्यायालयात हरले, १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. ‘उत्पन्न’ या शब्दाचा अर्थ जितका रुंद घेता येईल तितका घ्यायचा, असं न्यायालयाने ठरवलं. गंमत बघा, निकाल लागला तेव्हा तो कर अस्तित्वातच नव्हता. पण पुढच्या अर्थमंत्र्यांचा रस्ता मोकळा झाला.

आणि तो रस्ता वापरला गेला तो १९५६ मध्ये. यात आपल्या माणसांचा संबंध येतो. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर भारतात येऊन करव्यवस्थेचा अभ्यास करून गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत. काल्डोर यांनी सुचवलं की विक्रीच्या नफ्यावरचा कर पुन्हा आणा. पण १९५६ च्या जुलैत, मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून सीडींनी नेहरूंच्या तोंडावर राजीनामा दिला. ऑगस्टअखेर टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले आणि वर्ष संपायच्या आत कर परत आला. तेव्हापासून आजपर्यंत तो गेलेला नाही. सीडी राहिले असते तर काय झालं असतं, हे मनात येतंच. पण माझा अंदाज आहे की तेही टाळू शकले नसते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला पैसा हवा होता.

आता महागाईकडे येऊ. १९६० मध्ये १० हजारांना घेतलेलं घर १९९० ला २ लाखांना गेलं, तर यात नफा किती आणि रुपयाची घसरण किती? सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच कायद्यात एक तारीख ठेवली. तिच्या आधी घेतलेली मालमत्ता असेल तर खरेदीची किंमत सोडा, त्या दिवशीचा बाजारभाव धरा. ही तारीख सरकत गेली ती अशी: १९४७ च्या कायद्यात १९३९, मग १९५४, मग १९६४, १९७४, १९८१ आणि २०१७ पासून २००१. महागाई मान्य करायची, पण दहा-वीस वर्षांनी एकदा, उडी मारून. काही टक्के सरसकट वजावटही होती. दरवर्षीच्या महागाईचा हिशेब मात्र १९९२ च्या अर्थसंकल्पात आला. मनमोहन सिंग अर्थमंत्री, राजा चेल्लय्या समितीची शिफारस. निर्देशांक तेव्हाचा. १९४७ पासून मोजलं तर ४५ वर्षांनी.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये वारसांच्या बाजूने एक चांगला निकाल दिला. घर वारसाने आलं असेल तर निर्देशांक वडील गेले त्या वर्षापासून नाही, वडिलांनी घर घेतलं त्या वर्षापासून मोजायचा. आपल्यासारख्या गावात याचा फायदा शेकडो कुटुंबांना झाला असेल.

मग २३ जुलै २०२४. निर्मला सीतारामन यांनी दर २० वरून साडेबारावर आणला आणि निर्देशांक काढून टाकला. ओरड झाली. दोन आठवड्यांत सरकारने दुरुस्ती केली: त्या तारखेआधी घेतलेल्या जमिनी-घरांना जुना आणि नवा, दोन्ही हिशेब लावून कमी तो भरा. पण दुरुस्तीतले शब्द नीट वाचा. ‘निवासी’ व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब. अनिवासींचं नाव नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नवी पद्धत सगळ्यांना महाग पडते असं नाही. मी गणित करून बघितलं. २०२४-२५ मधली विक्री असेल आणि किंमत २००१ च्या सुमारे आठपटीच्या वर गेली असेल, तर साडेबारा टक्केच स्वस्त. गंगापूर रोडला मोक्याचा प्लॉट असलेल्याला निर्देशांक गेल्याचं दुःख नाही. मार बसतो तो ज्याचा भाव हळू चढला त्याला. जुना फ्लॅट, लिफ्ट नसलेली इमारत, भाडेकरू बसलेला वाडा. म्हणजे ज्याला खरा नफा कमी झालाय त्यालाच.

काही जण म्हणतील, डॉलरमध्ये कमावतात, भरू देत की. भरू देत, माझं काही म्हणणं नाही. पण कर उत्पन्न बघून लावायचा की पत्ता बघून? न्यू जर्सीतली ती बहीण निवृत्त शिक्षिका असू शकते आणि नाशिकचा भाऊ चार बंगल्यांचा मालक. शिवाय अनिवासी ठरतं ते पासपोर्टवरून नाही, दिवसांवरून. साधा नियम असा की आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात तर निवासी. हिवाळ्यात येऊन नातवंडांच्या सुट्टीला परत जाणाऱ्यांनी विक्रीचं वर्ष ठरवण्याआधी हे दिवस मोजावेत.

तिकडचा हिशेब आणखी वेगळा. अमेरिका आपल्या नागरिकाला आणि ग्रीन कार्डवाल्याला जगभरच्या नफ्यावर कर लावते, पण वारसाने आलेल्या घराची मूळ किंमत म्हणून वडील वारले त्या दिवशीचा भाव धरते. भारत २००१ चा. वडील २०२२ ला गेले असतील तर अमेरिकेच्या लेखी नफा जेमतेम आणि भारताच्या लेखी २४ लाख. इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मिळते, पण तिथे करच नसेल तर वजावट कशातून घेणार?

हे झालं विकणाऱ्याचं. माझी खरी काळजी घेणाऱ्याची आहे, कारण तो आपल्यातला असतो. निवासी माणसाकडून ५० लाखांचं किंवा त्यावरचं घर घेतलं तर २०१३ पासून १ टक्का टीडीएस कापतात, हे आता सगळ्यांना पाठ आहे. विकणारा अनिवासी असेल तर १ टक्का नाही आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. वरच्या उदाहरणात बहिणीच्या हिश्शावर उपकरासह १३ टक्के कापावे लागतात, म्हणजे ३ लाख ९० हजार. व्यवहारात ते नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापतात. जास्तीचा पैसा परताव्यासाठी अडकतो. कमी कपातीचा दाखला विक्रेत्याने प्राप्तिकर खात्याकडून आधीच आणला तर हे टळतं, पण त्याला आठवडे लागतात आणि इसाराची मुदत निघून जाते. खरेदीदाराने नेहमीसारखा १ टक्का कापून मोकळं व्हायचं ठरवलं, तर उरलेला कर व्याजासह त्याच्याकडून वसूल होतो. विकणारी तोवर विमानात बसलेली असते. दोन-तीन वर्षांनी नोटीस हातात घेऊन बसलेले नोकरदार खरेदीदार मी बघितलेत. एजंटने त्यांना एकच सांगितलेलं असतं: भाऊच आहे की सही करायला.

परदेशी विक्रेत्याचा कर खरेदीदाराकडून कापून घ्यायची युक्ती फक्त आपली नाही. अमेरिकेने १९८४ मध्येच तसा कायदा केला. आज तिथे परदेशी माणसाने घर विकलं तर साधारणपणे किमतीच्या १५ टक्के कापून ठेवतात.

यावरून शेवटचं एक. आता उलटी वाटही सुरू झालीय. निवृत्त होऊन नाशकात परत आलेले आणि तिकडचं घर अजून न विकलेले बरेच जण आहेत. अनेक वर्षं बाहेर राहून आलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. त्या काळात तिकडचं घर विकलं तर नफ्यावर भारतात कर नाही. अमेरिकेतही स्वतः राहत्या घरावरची अडीच लाख डॉलरची, नवरा-बायको मिळून पाच लाखांची सूट मिळते, ती विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथे राहिलेल्यालाच. म्हणजे घर सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत विकायचं. दोन्ही मुदती जवळपास एकाच वेळी संपतात. त्यानंतर अमेरिका सूट देत नाही आणि भारत जगभरच्या नफ्यावर कर मागतो. ‘बघू, भाव अजून वाढेल’ म्हणून थांबलेल्यांनी परत आल्याची तारीख एकदा कॅलेंडरवर बघून घ्या.