आंकडा कोणत्या टोंकाकडून वाचावा?

पेणच्या बाजारांत एखादा व्यापारी 'पंचवीस' म्हणतो, तेव्हां त्याच्या मुखांतून पांचाचा उच्चार आधीं होतो व विसाचा मागून. परंतु तोच आंकडा वहींत मांडतांना दोन आधीं येतो आणि पांच नंतर. जिभेचा क्रम एक, लेखणीचा दुसरा! तरीहि व्यवहार चुकत नाहीं. कारण दोन्ही संकेत सर्वांस ठाऊक असतात.

हा भेद पुरातन आहे. शब्दांनीं संख्या सांगतांना अंकांची गति उजवीकडून डावीकडे मानावी, असा संस्कृत गणितज्ञांचा संकेत होता. भास्कराचार्यांनीं आपलें जन्मवर्ष, शके १०३६ म्हणजे इ. स. १११४, सांगतांना सहा, तीन, शून्य, एक या क्रमानें सूचक शब्द योजिले. संकेत न जाणणारा वाचक त्यांतून ६३०१ हा शक काढील!

विसाव्या शतकांत हाच प्रश्न गणकयंत्रांपुढें उभा राहिला. यंत्र मोठी संख्या 'बाइट' नांवाच्या लहान लहान घरांत विभागून ठेवतें. अधिक मोलाचें घर आधीं असावें कीं कमी मोलाचें? आय. बी. एम. कंपनीच्या मोठ्या यंत्रांनीं पहिला क्रम धरिला, इंटेलनें दुसरा. दोन बाइटांत लिहिलेला १ उलट क्रमानें वाचला, तर त्याचे २५६ होतात. मराठी 'क' चा संकेतांक उलटला, तर कॅनडांतील आदिवासींच्या लिपींतील एक अक्षर उमटतें.

१ एप्रिल १९८० रोजीं डॅनी कोहेन यांनीं या वादावर एक निबंध लिहिला. स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्यें अंडें कोणत्या टोंकाकडून फोडावें यावरून युद्धें होतात. तेथूनच त्यांनीं दोन्ही पक्षांस 'बिग-एंडियन' व 'लिटल-एंडियन' हीं नांवें दिलीं. कोणता क्रम श्रेष्ठ यापेक्षां एका क्रमावर एकमत होणें महत्त्वाचें, हें त्यांचें सांगणें. पुढें इंटरनेटनें आपल्या संदेशांच्या शीर्षकांसाठीं मोठें घर आधीं हा क्रम कायम केला. युनिकोडनें निराळी तोड काढली: मजकुराच्या आरंभीं एक खूण ठेवावी, म्हणजे ती पाहून यंत्रास क्रम ओळखतां येतो.

१८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी पांच फूट सहा इंच अंतराच्या रुळांवरून धांवली. १९९८ सालीं पूर्ण झालेली कोंकण रेल्वे रोह्यास जुन्या मार्गाला मिळाली, ती त्याच अंतरामुळें. साडेपांच फुटांत स्वतःचें असें कांहीं पावित्र्य नाहीं. पण तें एकदां ठरलें व पाळलें गेलें, म्हणून रोह्यास गाडी बदलावी लागत नाहीं. आंकड्यांच्या क्रमाचेंहि तसेंच आहे.