‘सेव्ह झालं’ म्हणजे नेमकं कुठे झालं? ॲपमधल्या कन्फर्मेशन मेसेजबद्दल

ॲप किंवा वेबसाइटवर एखादं काम पूर्ण झालं की हिरवी टिक, मेसेज किंवा पावती दिसते. तिला कन्फर्मेशन म्हणतात. ‘नक्की डिलीट करायचं?’ हा प्रश्न वेगळा, तो काम होण्याआधी येतो. याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या इंटरफेसच्या दहा नियमांपैकी पहिलाच नियम सांगतो की, सिस्टिममध्ये काय चाललंय ते वापरणाऱ्याला वेळेत कळलं पाहिजे.

मी अकोल्याचा, त्यामुळे उदाहरण वावरातलंच घेतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकरी स्वतः वावरात जाऊन पिकाचा फोटो काढतो, नोंद भरतो आणि ती सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना बारामध्ये चढते. मुदतीत नोंद झाली नाही तर नुकसानभरपाई किंवा हमीभावाने विक्री करताना अडचण येते. आता कपाशीच्या वावरात नेटवर्कची एखादीच काडी असते. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडच्या कित्येक ठिकाणी तीही नसते.

अशा जागी बटण दाबलं की तीन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. माहिती फोनमध्ये साठते. मग ती सर्व्हरपर्यंत पोहोचते. मग सर्व्हर ती तपासून रेकॉर्डमध्ये लिहितो. या तिन्हींसाठी ॲपने ‘यशस्वी’ हा एकच शब्द वापरला तर शेतकरी पहिल्याच टप्प्यावर निश्चिंत होऊन घरी जातो, आणि नोंद फोनमध्येच पडून राहते. माझ्या मते इंटरफेसमधला हा सगळ्यात महागडा शब्द आहे. त्याऐवजी ‘फोनमध्ये साठवलं, नेटवर्क आल्यावर अपलोड करा’ असं स्पष्ट लिहायला काय जातं?

सर्व्हरच्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. एचटीटीपीमध्ये २०१ हा कोड म्हणजे ‘नवीन नोंद तयार झाली’, तर २०२ म्हणजे ‘विनंती घेतली, काम अजून बाकी’. पण अनेक ॲप्स दोन्ही वेळेला तीच हिरवी टिक दाखवतात. काही तर उत्तराची वाटही पाहत नाहीत. व्हॉट्सॲपने मात्र हे छान सोडवलंय: घड्याळ म्हणजे मेसेज अजून तुमच्याच फोनमध्ये, एक टिक म्हणजे पाठवला गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोहोचला.

दुसरा मुद्दा वेळेचा. अँड्रॉइडवर खाली उमटणारा छोटा मेसेज, म्हणजे टोस्ट, साधारण २ किंवा ३.५ सेकंद टिकतो. ‘फोटो कॉपी झाला’ एवढ्यासाठी तो ठीक. पण भर उन्हात स्क्रीन नीट दिसत नसताना पीकनोंदीची खात्री टोस्टवर सोडणं चुकीचंच. तिथे न जाणारं पान हवं: कोणता गट नंबर, कोणतं पीक, किती क्षेत्र, तारीख आणि वेळ. शिवाय बदल करता येतो का, कधीपर्यंत, हेही त्याच पानावर हवं. ई-पीक पाहणीच्या २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांत एकदा दुरुस्तीची सोय दिली होती. अशी मुदत मेसेजमध्येच दिसली तर तिचा उपयोग होतो.

पैशांच्या बाबतीत तर ‘झालं’ आणि ‘फसलं’ यांच्या मधली ‘पेंडिंग’ ही तिसरी अवस्था दाखवावीच लागते. नाहीतर माणूस घाबरून परीक्षा फी दुसऱ्यांदा भरतो. म्हणून बटण एकदा दाबल्यावर बंद करतात, आणि प्रत्येक व्यवहाराला एक ठरावीक ओळख देतात, म्हणजे तीच विनंती दोनदा आली तरी सर्व्हर एकदाच मोजतो.

एखादं ॲप किती खरं बोलतं हे पाहायचं असेल तर फ्लाइट मोड लावा, फॉर्म भरा आणि सबमिट दाबा. तरीही ‘यशस्वी’ आलं, तर त्या ॲपमधली प्रत्येक महत्त्वाची नोंद नंतर यादीत किंवा सातबाऱ्यावर स्वतः उघडून बघा. घरात काका-मामा असं ॲप वापरत असतील तर त्यांचंही एकदा तपासून द्या.